म्हातारचळ की आजार? मेंदूचा फोटो काय सांगतो



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. घरातले म्हातारे माणूस तेच तेच विचारू लागले, चष्मा धान्याच्या कोठीत ठेवू लागले, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागले, की आपण म्हणतो, "म्हातारं चळलं आता, काय मनावर घ्यायचं?" आणि विषय तिथेच संपतो. गाय दोन वेळा चरली नाही तर आपण लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. पण बाप दोन वर्षांपासून पोरांची नावे विसरतो आहे, तरी त्याला दवाखान्यात न्यावे असे कोणाच्या मनात येत नाही.

या अंकात लागण, खोडवा आणि ठिबक यांच्या जोडीला हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. कारखान्याचे पहिले भाग ज्यांनी घेतले, त्या पिढीतले जे आज आपल्यात आहेत ते आता पिकली पाने झाले आहेत. जमीन त्यांच्या नावावर, भाग त्यांच्या नावावर, ऊस नोंद त्यांच्या सहीने. त्यांची स्मृती हा घराचा जसा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, तसा तो व्यवहाराचाही आहे.

या आजाराला शास्त्रीय भाषेत स्मृतिभ्रंश म्हणतात. इंग्रजी शब्द डिमेन्शिया. देशभरातील ज्येष्ठांच्या पाहणीवरून २०२३ साली जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यानुसार भारतात साठीपुढच्या लोकांत शेकडा ७.४ जणांना हा आजार आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. तेव्हा हा मुंबई-पुण्याच्या बंगल्यातला आजार आहे, आपल्या वस्तीवर तो नाही, हा समज सोडून द्यावा.

साधा विसर आणि आजाराचा विसर

वय वाढले की विसर पडतोच. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठावर येऊन अडते, थोड्या वेळाने आठवते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. किल्ली सापडल्यावर ती कशासाठी असते हेच कळेनासे झाले, चाळीस वर्षे ज्या पांदीने शेतात गेले त्याच पांदीत वाट चुकली, जेवून हात धुतला आणि "मला कोणी जेवायला दिलं नाही" अशी तक्रार सुरू झाली, हिशेबाला पक्का असलेला माणूस शंभराच्या नोटा मोजताना अडखळू लागला, शांत स्वभावाची आजी सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागली, तर ती खूण वेगळी आहे. रोजचे जगणे अडेल असा विसर म्हणजे आजार, एवढी खूणगाठ बांधून ठेवावी.

आणखी एक गोष्ट. हा बदल महिन्या-वर्षांत हळूहळू होतो. एक-दोन दिवसांत माणूस एकदम बरळू लागले, ओळख हरवली, तर त्यामागे ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील क्षार कमी होणे किंवा एखादे औषध असू शकते. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर तो अर्धांगाचा झटका. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये, त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे.

मेल्यावरच दिसणारा मेंदू

उसाला तुरा आला की आत दशी पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. बाहेरून कांडे टणक आणि हिरवे दिसते, पण कोयत्याने कापले की आतला पोकळपणा कळतो. लाल कूज लागलेला ऊसही उभा चिरल्याशिवाय खात्री होत नाही. मेंदूची अडचण हीच होती. जिवंत माणसाची कवटी चिरून कोण पाहणार?

जर्मनीतील डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई तपासली. तिला स्वतःचे नाव लिहिता लिहिता विसरायला होत असे, नवऱ्याविषयी नाही नाही ते संशय येत. १९०६ साली ती वारली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. मेंदू सुकून आक्रसला होता, पेशींच्या आत धाग्यांचा गुंता आणि बाहेर चिकट कचऱ्याचे ठिपके साचले होते. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सांगितले, तेव्हा कोणी एक प्रश्नही विचारला नाही. पुढे त्याच आजाराला त्यांचे नाव मिळाले. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक, त्यांत सर्वांत मोठे कारण हा अल्झायमरचा आजार.

पण निदान व्हायचे ते माणूस गेल्यावर. त्याचा घरच्यांना काय उपयोग?

शेतकऱ्याच्या पोराने काढलेली वाट

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. हाड मोडले की आपण जो फोटो काढतो तो त्याच किरणांचा. पण त्यात कवटी दिसते, आतला मऊ मेंदू दिसत नाही. ही कोंडी फोडली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. हे गृहस्थ इंग्लंडमधील एका शेतकऱ्याचे चिरंजीव. लहानपण शेतावरची यंत्रे खोलण्या-जोडण्यात गेले. नोकरी ई.एम.आय. या कंपनीत. ग्रामोफोनच्या तबकडीवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, ती हीच मंडळी. हाउन्सफील्ड यांनी विचार केला की एकाच बाजूने फोटो न काढता डोक्याभोवती फिरत सर्व बाजूंनी किरण सोडावेत आणि गणकयंत्राकडून आतले एकेक काप मांडून घ्यावेत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला. हेच सी.टी. स्कॅन. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

सी.टी. स्कॅन काही मिनिटांत होते आणि खर्चही त्या मानाने कमी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात त्याचा पहिला उपयोग असा, की बरे होण्याजोगे कारण आत दडले आहे का ते कळते. यातली दोन कारणे आपण नीट समजून घेऊ.

पहिले कारण साकळलेले रक्त. म्हातारे माणूस बाजेवरून पडते, मोटारसायकलवरून घसरते, बैलाचा धक्का लागून डोके आपटते. टेंगूळ येते, बसते, सगळे विसरून जातात. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्यामुळे त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. त्यातली एखादी तुटली की रक्त थेंबाथेंबाने साचते आणि काही आठवड्यांनी माणूस सुस्त होते, विसरू लागते, झोक जातो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक. स्कॅनमध्ये हे रक्त चंद्रकोरीसारखे दिसते. कवटीला छिद्र पाडून ते काढले की पुष्कळ रुग्ण सुधारतात.

दुसरे कारण मेंदूत तुंबलेले पाणी. मेंदूच्या पोकळीत स्वच्छ पाणी तयार होते आणि वाहून जाते. निचरा बिघडला की, पाणथळ रानात पिकाचे होते तसे मेंदूचे होते. त्याच्या तीन खुणा आहेत. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा जाणे आणि विसर. १९६५ साली या विकाराची नीट ओळख पटली. पाणी काढून देणारी बारीक नळी बसवली की यातील काही जण पुन्हा चालू लागतात.

मेंदूतली गाठही याच फोटोत सापडते. फोटोच्या जोडीने रक्ताच्या साध्या तपासण्या कराव्या लागतात. ब-१२ जीवनसत्त्व कमी असणे किंवा थायरॉईड मंदावणे यांनीही स्मृती ढासळते, आणि ही कारणे औषधाने सुधारण्याजोगी आहेत. खरे सांगायचे तर अशी बरी होणारी उदाहरणे थोडी असतात. पण आपले माणूस त्या थोड्यांतले आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळणार कसे?

लोहचुंबकाची करामत

पुढची पायरी एम.आर.आय. यात क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणीच फार, आणि त्या पाण्यात हायड्रोजनचे कण असतात. माणसाला मोठ्या लोहचुंबकाच्या बोगद्यात झोपवले की हे कण एका रांगेत येतात. रेडिओलहर सोडली की कलतात, थांबवली की पूर्ववत होतात, आणि होताना बारीकसा संदेश देतात. त्यावरून चित्र तयार होते. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी ही वाट दाखवली, पीटर मॅन्सफील्ड यांनी ती पक्की केली. २००३ साली दोघांना नोबेल मिळाले.

या चित्रात डॉक्टर एक जागा मुद्दाम पाहतात. दोन्ही कानशिलांच्या आत समुद्रघोड्याच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याचे काम आपल्या वजनकाट्यासारखे आहे. उसाची गाडी काट्यावर आली आणि पावतीच फाटली नाही, तर ऊस आल्याची नोंद कुठे राहणार? नव्या आठवणीची पावती हिप्पोकॅम्पस फाडतो. अल्झायमरच्या आजारात बहुधा हाच भाग आधी सुकू लागतो. म्हणून आजीला लग्नातला उखाणा आठवतो, जुन्या पावत्या दप्तरात असतातच, पण सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. ती नाटक करीत नसते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

एम.आर.आय. मध्ये दुसरीही गोष्ट उघड होते. जायकवाडीच्या कालव्याला पाणी असले तरी शेवटची चारी बुजली की टोकाचे रान वाळते. रक्तदाब आणि मधुमेह अंगात मुरले की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या अशाच बुजत जातात. प्रत्येक वेळी हात-पाय लुळा पडतोच असे नाही. बारीक बारीक झटके माणसाला कळतही नाहीत, पण चित्रात त्यांचे डाग दिसतात. हा रक्तवाहिन्यांचा स्मृतिभ्रंश. मेलेला भाग परत येत नाही, पण दाब आणि साखर ताब्यात आणली तर पुढची पडझड रोखता येते. पुष्कळ वृद्धांत अल्झायमर आणि हा विकार एकत्र नांदतात.

साखरेने काढलेला फोटो

आता आपल्या धंद्याशी नाते सांगणारी गोष्ट. मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज, म्हणजे साखरेचाच एक घटक. शास्त्रज्ञांनी युक्ती केली. ग्लुकोजसारखाच एक पदार्थ बनवला, त्याला किंचित किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडले आणि शिरेतून दिले. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही. गव्हाणीत मोळी पडली आणि गाळप न होता तिथेच अडकली, असा तो प्रकार. मेंदूचा जो भाग जोमाने काम करतो तिथे हा माल जास्त साचतो आणि उजळ दिसतो, जो भाग मंदावला तो अंधुक दिसतो. या तपासणीला पेट स्कॅन म्हणतात. अल्झायमरमध्ये कानशिलाकडचा आणि त्यामागचा वरचा भाग अंधुक होतो. दुसऱ्या एका प्रकारात कपाळामागचा भाग आधी मंदावतो, त्यात विसरण्यापेक्षा वागणूक बिघडते.

१९७६ साली अमेरिकेत हा पदार्थ पहिल्यांदा माणसाला दिला गेला. तो तयार झाला न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आणि विमानाने नेला फिलाडेल्फियाला. घाई एवढ्यासाठी, की त्याचा जोर सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो. तोडलेला ऊस वाढ्यावर पडून राहिला की उतारा घटतो हे आपण जाणतो. इथे तर मिनिटांचा हिशेब. आपल्या देशात असा माल बनवणारे पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन यंत्र आणि पेट स्कॅनर २००२ साली मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विभागात सुरू झाले.

२००४ साली आणखी पुढचे पाऊल पडले. डॉ. अल्झायमर यांनी मेलेल्या मेंदूत जे चिकट ठिपके पाहिले होते, ते जिवंत माणसात दाखवणारा पदार्थ पिट्सबर्गच्या संशोधकांनी बनवला व त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०२३ आणि २०२४ साली अमेरिकेत हे ठिपके धुऊन काढणारी दोन औषधे मान्य झाली. ती आजार बरा करीत नाहीत, सुरुवातीच्या रुग्णात त्याचा वेग थोडा कमी करतात. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने त्या काळात वरचेवर एम.आर.आय. करावा लागतो. औषध फार महाग. कोणी खात्रीने बरे करतो म्हणून पैसे मागितले तर त्याच्या नादी लागू नये.

साखरेचा एवढा महिमा वाचून कोणी चहात दोन चमचे वाढवू नयेत. मेंदू आपल्याला लागणारे ग्लुकोज भाकरीतूनही मिळवतो. जास्तीच्या साखरेने मधुमेह बळावतो आणि मधुमेह हा स्मृतीचा वैरी आहे. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिणे आम्हाला कर्तव्य वाटते.

फोटो सर्व काही सांगत नाही

एवढी यंत्रे झाली, पण नुसत्या फोटोवर निदान होत नाही. वय झाले की मेंदू सर्वांचाच थोडा आक्रसतो. काहींच्या मेंदूत ठिपके पुष्कळ, तरी माणूस ठणठणीत. उलट काहींना आजार सुरू झालेला असतो, पण सुरुवातीचा फोटो साफ येतो. म्हणून डॉक्टर आधी घरच्यांना विचारतात. कधीपासून? आधी काय बिघडले? स्वयंपाक जमतो का? बाजार जमतो का? रोज शेजारी झोपणारी म्हातारी जे सांगेल, ते कोणतेही यंत्र सांगणार नाही.

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला तारीख आणि स्पेलिंग विचारून वेडा ठरवणे हाही अन्याय. हे ओळखून हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांसाठी संशोधकांनी रोजच्या जगण्यातले प्रश्न घेऊन निराळी चाचणी बसवली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात तर पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार ग्रामस्थांना वर्षानुवर्षे तपासत राहण्याचे काम बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने हाती घेतले आहे. त्यात एम.आर.आय. सुद्धा आहे. आंबा पिकवणारे शेतकरी यंत्रात झोपून पुढच्या पिढीसाठी माहिती देत आहेत. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

हा आजार हुशारी पाहून येत नाही. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारे, १९७४ चा रेल्वे संप उभा करणारे जॉर्ज फर्नांडिस अनेक भाषा सफाईने बोलत. देशाचे संरक्षणमंत्री झाले. त्यांनाही अखेरची वर्षे अल्झायमरने ग्रासले आणि २९ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी असाच एक संस्कृतचा पंडित उभा केला आहे. घरात कोणाला हा आजार असेल त्यांनी तो मिळवून जरूर पाहावा.

कुठे जावे, काय न्यावे

आपल्या भागातल्या सभासदांना, मग ते पैठणचे असोत, गंगापूर-वैजापूरचे की कन्नडचे, छत्रपती संभाजीनगर जवळ आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, आपली घाटी, १९५६ पासून मराठवाड्याची सेवा करीत आहे. तिथे औषधवैद्यक किंवा मानसोपचार विभागात आधी दाखवावे. खासगी डॉक्टरकडे जायचे असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ पाहावा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परस्पर स्कॅन काढू नये, पैसे वाया जातात. जाताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. बदल कधी, कसा सुरू झाला ते कागदावर लिहून न्यावे. सोबत रोज जवळ असणारे माणूस असावे.

२. चालू असलेली सर्व औषधे, झाडपाल्याची सुद्धा, पिशवीत घालून न्यावीत. जुने फोटो व रिपोर्ट न्यावेत.

३. एम.आर.आय. च्या खोलीत जोडवी, मंगळसूत्र, करदोटा, किल्ल्या, कानाचे यंत्र, कवळी काहीही नको. हृदयाचे पेसमेकर, हाडात बसवलेली पट्टी किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला असेल तर आधी सांगावे.

४. यंत्रात वीस-तीस मिनिटे निश्चल पडावे लागते आणि ठकठक आवाज फार होतो. म्हाताऱ्या माणसाला घरूनच समजावून न्यावे. बंद जागेची भीती वाटत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

निदानानंतर

अल्झायमर निघाला तर घर खचते. पण नाव कळले की भांडण मिटते, हेही आम्ही सांगू इच्छितो. "मुद्दाम करतो" हा राग जातो. दिनक्रम ठरावीक ठेवावा, खिशात नाव-गावाची चिठ्ठी असावी, विहिरीला कठडा आणि दाराला कडी असावी. उभ्या उसात वाट चुकलेले माणूस दहा पावलांवरूनही दिसत नाही. कीटकनाशके कुलपात ठेवावीत. सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीलाही आठवड्यातून विसावा द्यावा, तिचेही शरीर आहे. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७ आणि मनाच्या आजारांसाठी टेलि-मानस १४४१६ हे सरकारी दूरध्वनी आहेत.

कागदपत्रांची गोष्ट मात्र वेळेत करावी. आजार सुरुवातीला असतो तेव्हा माणसाला आपले हित कळत असते. भागाची वारसनोंद, बँकेचे खाते, मृत्युपत्र त्याच वेळी त्याच्या मर्जीने करावे. समज गेल्यावर अंगठा उमटवून घेणे हे पाप तर आहेच, शिवाय १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे व्यवहार न समजणाऱ्याचा करार टिकत नाही. अशा अंगठ्यावरून भावाभावांत कोर्टकज्जे होतात आणि ज्याची जमीन, त्यालाच कोणी विचारीत नाही.

आणि तरुण सभासदांनी आतापासून काळजी घ्यावी. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने चौदा कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर जगातील जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, बिडी-सिगारेट, दारू, डोक्याला मार, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, कमी शिक्षण, एकटेपणा ही त्यातली काही. चाळिशीनंतर दाब आणि साखर तपासणे, मोटारसायकलवर हेल्मेट घालणे, मोतिबिंदू काढून घेणे, ऐकू येत नसेल तर यंत्र लावणे, पोरीला शाळेतून न काढणे आणि म्हाताऱ्याला पारावर चार माणसांत बसू देणे, यासाठी कोणतेही मोठे यंत्र लागत नाही.

यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक सभासदाने एक काम करावे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसून कालच्या दिवसाच्या गप्पा माराव्यात. गप्पांत काही वावगे जाणवले तर "वय झालं" म्हणून उठू नये, शहराच्या पुढच्या खेपेत त्यांनाही सोबत घ्यावे.